चोविसाव्या गोधडीचा कोपरा

माझी मुलगी सायली अमेरिकेत असते. १९९९ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, आईचं पुस्तक मला मशीनवर पाठवा."

"कसलं मशीन?"

"पुस्तक वाचायचं. वहीएवढं असतं. सम्राटनं आणलंय. काचेवर पान दिसतं, बटण दाबलं की पुढचं येतं."

मी जन्मभर साखर कारखान्यात फिटर होतो, त्यामुळे मशीनला घाबरत नाही. पण पुस्तक वाचायला मशीन कशाला लागतं ते मला कळेना. तसं मी तिला सांगितलं.

"मला उठून बसायची बंदी आहे, बाबा. डॉक्टर म्हणतात, बाळ होईपर्यंत डाव्या कुशीवर पडून राहायचं. अजून अडीच महिने. छताकडे बघून बघून वेड लागलंय. हे मशीन एका हातात धरता येतं." मग म्हणाली, "आई असती तर आली असती. ती नाही, निदान तिच्या गोधड्या तरी बघते. पण बाळाच्या आधी पाठवा. नंतर बघायला सवड नाही मिळणार."

माझी बायको जयमाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी म्हणालो, "पाठवतो." कसं पाठवायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आधी पुस्तकाचं सांगतो. जयमाला देवळाली प्रवरेत शिवणवर्ग चालवायची. शिवाय घरी बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करायची. एकोणनव्वद साली तिच्या डोक्यात आलं की आपल्या बायकांच्या गोधड्यांचं पुस्तक करायचं. मच्छिंद्र फोटोवाल्याला बोलावून तिनं चोवीस गोधड्या कालव्याच्या कठड्यावर वाळत घातल्यासारख्या टाकल्या आणि एकेकीचा फोटो काढून घेतला. नगरला छापून घेतलं, रंगीत. शंभर प्रती. एका पानावर एक गोधडी आणि खाली एक ओळ. "गोधडी नऊ. चांगुणाबाई." एवढंच. मी तेव्हा म्हणालो होतो, अगं, जरा काही लिही की. तर म्हणाली, "रंग दिसतायत ना? मग लिहायचं काय?"

शेवटच्या पानावर तर नावही नव्हतं. "गोधडी चोवीस." ती तिची स्वतःची होती. ती गोधडी मी अजून पांघरतो.

शंभर प्रती वाटून वाटून संपल्या. सायलीनं अमेरिकेला नेलेली प्रत त्यांच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेली. माझ्याकडे एकच राहिली होती, आणि ती मी पोस्टात टाकणार नव्हतो. तुम्ही म्हणाल, मग फोटो कॉम्प्युटरवर पाठवायचे, तिथं रंगही दिसतात. पण तिचा कॉम्प्युटर खालच्या मजल्यावर आणि तिला जिना मना.

राहुरीला स्टँडजवळ रेश्माचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाची पोस्टरं असली कामं ती करायची. तिच्याकडे स्कॅनर होता आणि इंटरनेटही होतं. पस्तिशीची बाई, बोलायला फटकळ. मी पुस्तक तिच्या टेबलावर ठेवलं आणि काय हवंय ते सांगितलं.

"असलं मशीन मी ऐकलंसुद्धा नाही काका," ती म्हणाली. "पण करू. तुमच्या जावयाला मेल टाकून विचारते, काय काय चालतं ते. फक्त पुस्तक उसवावं लागेल. पानं सुटी झाली की काचेवर सपाट बसतात."

"उसवायचं नाही."

"मग मधली बाजू काळी येईल."

"मी दाबून धरतो."

"चोवीस पानं?"

"अगं, मी तीस वर्षं बॉयलरचे नट आवळलेत. चोवीस पानांचं काय घेऊन बसलीस!"

मी उभ्यानं पुस्तक काचेवर पालथं घालून दोन्ही तळहातांनी दाबून धरायचो. खालून हिरवट उजेड सरकत जायचा. रेश्मा म्हणायची, "हलू नका." मी श्वाससुद्धा धरून ठेवायचो. एका पानाला पाच मिनिटं लागायची.

जावयाचं, म्हणजे सम्राटचं, उत्तर आलं. त्यातून कळलं की त्या मशीनला मराठी येत नाही. अक्षरं हवी असतील तर अक्षरांचाही फोटोच पाठवायचा.

"म्हणजे लिहायचं, आणि लिहिलेल्याचा फोटो काढायचा?" मी विचारलं.

"तसंच समजा."

"आमच्या टर्बाइनलाही मराठी येत नव्हती. पण शिवी दिली की चालायची."

आधी तीनच पानं आम्ही पाठवली, त्यांत नऊ नंबरचंही होतं. पाठवायची म्हणजे फोनची लाईन जोडायची. ती आधी किंचाळायची, मग गुरगुरायची, मग गप्प व्हायची. गप्प झाली की समजायचं, जातंय. दोनदा अर्ध्यावर तुटलं, कारण मागच्या खोलीत रेश्माच्या सासूबाईंनी फोन उचलला. रेश्मा खुर्चीवरूनच ओरडली, "आत्याबाई, फोन ठेवा! काकांच्या गोधड्या चालल्यात अमेरिकेला!"

आतून आवाज आला, "मग एसटीनं पाठवा की. मला माझ्या भावाशी बोलायचंय."

रविवारी सायलीचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"बाबा, या गोधड्या आहेत की घोंगड्या?"

"का गं?"

"सगळं करडं दिसतंय. या मशीनला रंग नाहीत. लाल आणि हिरवा दोन्ही एकसारखे दिसतात. चांगुणामावशीची गोधडी नुसतं एक मळकट कापड दिसतेय."

आता रंगच नसतील तर गोधडीचं उरलं काय? मी म्हणालो, राहू दे मग, मी पुस्तकच पाठवतो. तर ती म्हणाली, "नको, तेवढं एकच उरलंय. तुम्ही असं करा ना, प्रत्येक फोटोखाली रंग लिहा. वाचलं की मला आठवेल."

हे काम माझ्याकडे यावं म्हणजे कमालच. माझ्या डोळ्यांत दोष नाही, कारखान्यात दर वर्षी तपासायचे. पण मला लाल, हिरवा, निळा, पिवळा एवढेच रंग येतात. जयमाला मला दोरा आणायला धाडायची. चिंतामणी सांगितलं की मी निळा आणायचो. शेवाळी सांगितलं की हिरवा आणायचो. मग ती स्वतः जाऊन बदलून आणायची आणि दुकानदाराला सांगायची, "आमच्या ह्यांना चारच रंग दिसतात, पगार तेवढा पुरा मिळतो."

तरी मी चष्मा लावून बसलो आणि दोन दिवसांत चोवीस गोधड्यांचे रंग लिहून काढले. नमुना म्हणून नऊ नंबरची गोधडी पाठवली. सायलीचा फोन रविवारची वाट न बघता आला.

"बाबा, मी वाचून दाखवते हं. 'गोधडी नऊ. लाल, हिरवा, लाल, हिरवा, मध्ये पिवळा.' ही गोधडी आहे की नगरच्या चौकातला सिग्नल?"

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की मागून सम्राट ओरडला, "अगं, हसू नको, डॉक्टरांनी सांगितलंय!" आई गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मीही हसलो. पण काम काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक पिशवीत घालून मी चांगुणाबाईंकडे गेलो. चांगुणाबाई म्हणजे जयमालाची जिवाभावाची मैत्रीण. जयमालाला ती बहीण मानायची, म्हणून मी तिचा दाजी. ओट्यावर ती आणि शेजारची भागूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"जयभीम दाजी," चांगुणाबाई म्हणाली. "आज वाट चुकलात व्हय? दोन वर्सांत आमचा ओटा दिसला न्हाई तुमाला."

"काम आहे."

"त्ये बी खरं. कामाबिगर कोन येतंय म्हातारीकडं!"

मी पुस्तक उघडून नववं पान दाखवलं आणि माझा कागद वाचून दाखवला. दोघींनी लसूण खाली ठेवला.

"हिरवं?" चांगुणाबाई म्हणाली. "आवो दाजी, हे हिरवं न्हाई, शेवाळी हाय. माझ्या सासूचं लुगडं. जलमभर माझ्याशी भांडली अन् आता माझ्याच गोधडीत गप पडलीय. अन् हे लाल न्हाई, डाळिंबी. माझ्या आईनं माझ्या लग्नात नेसल्याली साडी."

"डाळिंबी कुठली? आमसुली हाय ती," भागूबाई म्हणाली.

"माझ्या आईची साडी मला ठाव का तुला?"

"लग्नात तू मान खाली घालून बसल्ती. मी समोर बसून जेवत हुते. मला लई नीट दिसली."

मी लिहून घेतलं: डाळिंबी, भागूबाईंच्या मते आमसुली.

"असलं बी लिहिताय व्हय?" भागूबाई खूश झाली. "मग त्यो पिवळा तुकडा बी लिवा. पिवळा न्हाई, हळदीचा डाग पडल्याला मोतिया. हिच्या सासूचा सैपाक हाय त्यात."

असं पंधरा-वीस दिवस चाललं. मी रोज सकाळी जायचो. ज्या बाईची गोधडी असेल तिला कुणीतरी हाक मारायचं. ती आली की सांगायची, हे गुलबक्षी, हे वांगी, हे विटकरी, हे पोपटी, आणि हे कुणाचं, कधीचं. जी वारली असेल तिची मुलगी किंवा सून यायची. नुसते रंग विचारले तरी प्रत्येक तुकड्यामागून एक माणूस निघायचं. मी सगळं लिहायचो, कारण काय गाळायचं ते मला कळत नाही. जयमालाची एकेक ओळ होती, त्याची दोन-दोन पानं झाली. रेश्मा टाईप करता करता कधी कधी हात थांबवून म्हणायची, "पुढं काय झालं त्या धाकट्या जावेचं?"

मार्चअखेर तेवीस गोधड्यांचे रंग लिहून झाले. तेव्हा रेश्मा म्हणाली, "काका, एक गडबड आहे. बघा, काळं-पांढरं केल्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा डाग येतोय. जवळजवळ सगळ्या पानांवर."

मी वाकून बघितलं. खरंच, तळहाताएवढा पांढरा चौकोन होता. पुस्तकात बघितलं तर तिथंही होता, पण रंगांच्या गर्दीत कधी लक्षच गेलं नव्हतं. पाच गोधड्यांना नव्हता, एकोणीस गोधड्यांना होता.

"उन्हाची तिरीप पडली असेल," मी म्हणालो. "भर दुपारी फोटो काढले होते."

"करडा रंग भरून टाकू? चार मिनिटांचं काम आहे."

"टाक."

तिनं एकोणीस कोपरे भरले आणि मला सगळ्याचे प्रिंट काढून दिले. चांगुणाबाईंना मजकूर एकदा ऐकवावा म्हणून मी ते घेऊन गेलो. तिला वाचता येत नाही, पण कागद तिनं हातात घेतला आणि तिची नजर सरळ कोपऱ्याकडे गेली.

"माझा कोपरा कुठं गेला?"

"कसला कोपरा?"

"हितं पांढरा तुकडा हुता. कोनी मुजवला?"

मी उन्हाच्या तिरपीचं सांगितलं.

"दाजी, धा वर्सं त्या गोधडीत झोपताय अन् तुमाला कोपरा ठाव न्हाई? आवो, आपल्या अंगावरची साडी आपल्या गोधडीत आपन लावीत न्हाई. सासूची लावावी, आईची लावावी, नवऱ्याचं धोतर लावावं. आपली जागा रिकामी ठिवायची. मांजरपाटाचा तुकडा लावायचा, तीन बाजूनी टाका, एक बाजू उघडी. आपन गेल्यावर लेकीनं न्हाईतर सुनेनं आपल्या साडीचा तुकडा तिथं लावायचा. मग गोधडी पुरी हुती."

"आणि पाच गोधड्यांना कोपरा नाही, त्या?"

"त्या बाया फोटुच्या आधीच गेल्या हुत्या. त्यांच्या लेकीसुनांनी लावलं." मग माझ्यावर ओरडली, "अन् तुमी माझा कोपरा भरून टाकला? जित्ती हाय की मी अजून!"

मी उठलो आणि घरी आलो. कॉटवरची गोधडी उलगडली. खालच्या उजव्या कोपऱ्यात मांजरपाटाचा पांढरा तुकडा होता. तीन बाजूंनी शिवलेला, वरची बाजू उघडी, खिशासारखी. दहा वर्षं तो माझ्या पायांशी होता.

सायलीला हे ठाऊक नव्हतं. जयमालानं तिला सांगितलं नसणार. नाहीतर आई गेल्यावर ती जलदान विधीला आली तेव्हाच तुकडा लावून गेली असती. आता बाळ व्हायच्या आत तिला आईची गोधडी पोचायला हवी होती, आणि तीही अर्धी पोचून चालणार नव्हती.

मला एका गोष्टीचं मात्र बरं वाटलं. जलदान विधीनंतर रिवाजाप्रमाणे जयमालाच्या साड्या मी बायकांना वाटून टाकल्या होत्या. पण एक ठेवली होती. तिच्या शिलाई मशीनवर घडी घातलेली होती ती, शेवटी तिच्या हातातली. दोन वर्षं ती माझ्या उशाशी होती. ती पिशवीत घातली आणि तसाच परत चांगुणाबाईंकडे गेलो. भागूबाईही येऊन बसली होती.

"ही घ्या," मी म्हणालो. "हिचा तुकडा काढून द्या. जयमालाची आहे."

चांगुणाबाईंनी घडी मोडली. काठ बघितला. साडी उलटी करून खालची कड बघितली.

"दाजी," ती म्हणाली, "ही जयमालाची न्हाई."

"तिच्या मशीनवर होती."

"मशीनवर हुती, कारन मी फॉल लावायला दिल्ती. ही माझी हाय."

भागूबाईनं तोंडाला पदर लावला.

"माझ्या भाच्यानं संगमनेरहून आनलेली. एकडाव बी नेसले न्हाई. हे बघा, अर्धाच फॉल लागलाय."

खरंच, फॉल अर्ध्यापर्यंत लावलेला होता. बारीक, सारखे टाके. पुढं टाका नव्हता, नुसता दोरा लोंबत होता.

"दोन वर्षं मागितली का नाही?" मी विचारलं.

"दुखवट्याच्या घरात जाऊन काय म्हनू? माझी साडी द्या? मला वाटलं, वाटली आसंल तुमी कोनाला तरी. गेली तर गेली." मग तिच्यानं राहवलं नाही. "तुमी कुठं ठिवली हुती?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "उशाला," मी म्हणालो.

भागूबाई ओट्यावर आडवी व्हायची बाकी राहिली. चांगुणाबाईंनी तिला लसणाची टोपली फेकून मारली आणि मग स्वतःच हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं हे मला दिसत होतं. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

"मग जयमालाची एकही साडी राहिली नाही," मी म्हणालो. "पोरीला आता काय सांगू?"

चांगुणाबाई आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती एक साडी घेऊन. "ही तुमीच मला दिल्ती, त्या दिवशी. म्हनलात, ती निळी तुमी घेऊन जा."

मी ती ओळखली. सायलीच्या पदवीच्या वेळी जयमालानं घेतली होती आणि नंतर इतकी नेसली होती की मऊ पडली होती. मी हात लावला. काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही.

"ही निळी नाही," मी म्हणालो. "चिंतामणी आहे."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"आता शिकलात व्हय?" चांगुणाबाई म्हणाली.

तिनं कात्री आणली. पदराच्या आतल्या बाजूनं तळहाताएवढा तुकडा कापला, शिवणीसाठी बोटभर जास्त ठेवून. बाकीची साडी घडी करून परत पेटीत ठेवली. मी मागितली नाही, तिनं दिली नाही. ते बरोबरच होतं. तुकडा लावायचा मात्र सायलीनंच. म्हणून मी घरी येऊन तो त्या पांढऱ्या खिशात सरकवून ठेवला.

रेश्माला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "काका, कोपरे भरायला चार मिनिटं लागली, पण मी त्यावरच सेव्ह केलंय. आता एकोणीस पानं पुन्हा स्कॅन करावी लागतील."

"मी दाबून धरतो."

"ते मला ठाऊक आहे. हलू नका म्हणजे झालं."

एकोणीस पानं पुन्हा दाबली. पांढरे कोपरे परत आले. चोविसाव्या गोधडीला मात्र कुणाला विचारायची गरज नव्हती, ती माझ्याच घरची होती. मी रेश्माच्या शेजारी बसून सांगत गेलो आणि ती टाईप करत गेली.

"गोधडी चोवीस. जयमाला. खाकी म्हणजे माझा कारखान्याचा ड्रेस. काळा ठिपका ग्रीसचा आहे, तीनदा धुऊनही निघाला नाही. आकाशी म्हणजे सायलीचा शाळेचा फ्रॉक. अंजिरी म्हणजे सायलीच्या आजीचं लुगडं. पांढरं धोतर माझ्या वडिलांचं. कोपऱ्यातला पांढरा तुकडा वेगळा आहे, तो मांजरपाट आहे. ती जागा जयमालाची आहे. तिच्या चिंतामणी साडीचा तुकडा त्या खिशात ठेवला आहे. शिवलेला नाही. शिवायचं काम सायलीचं."

"अजून काही?" रेश्मानं विचारलं.

"नाही. एवढंच आहे."

सगळं पुस्तक आम्ही नऊ एप्रिलला पाठवलं. त्या दिवशी रेश्माच्या सासूबाई स्वतः फोनपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, कुणी उचलू नये म्हणून. दोन तास लागले. सासूबाई मधूनच विचारायच्या, "चांगुणाबाई गेली का? आता कोन चाललीय?"

तेरा तारखेला सायलीचा मेल आला. रेश्मानं प्रिंट काढून स्वतः देवळालीला आणून दिला. मराठीच होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. तिनंच वाचून दाखवलं. "बाबा, पुस्तक पोचलं. सगळं वाचलं. नऊ नंबर चारदा वाचलं. चोवीस नंबर किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मला बघायला नर्स येते, तिनं विचारलं, हा पांढरा चौकोन कसला? मी म्हटलं, ते माझं काम राहिलंय. डिसेंबरात बाळाला घेऊन येते. तुकडा हलवू नका. मावशीला सांगा, सुई-दोरा तयार ठेव, आणि दोरा आणायला बाबांना पाठवू नको."

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत चांगुणाबाई तिची ती नवी साडी नेसून आली. राहिलेला अर्धा फॉल तिनं स्वतः लावला होता. जयमालाचे टाके तसेच ठेवले होते. बायका विचारत होत्या, एवढी भारी साडी इतके दिवस कुठं ठेवली होतीस? ती काय उत्तर द्यायची ते मी सांगत नाही. पण मी दिसलो की सगळ्या हसायच्या. मी मुकाट्यानं तिच्याजवळ जाऊन विचारलं, "या रंगाला काय म्हणतात हो?"

"दोन वर्सं उशाला घेऊन झोपलात अन् रंग ठाव न्हाई?" ती म्हणाली. "राणी, दाजी. राणी."

सव्वीस एप्रिलला सकाळी सम्राटचा फोन आला. "मामा, मुलगी झाली. दोघी छान आहेत. दवाखान्यातसुद्धा ते मशीन हिच्या उशाशी आहे."

"बरं झालं, बरं झालं," मी म्हणालो. मग विचारलं, "बाळाला कशात गुंडाळलंय?"

"दुपट्यात."

"कुठल्या रंगाच्या?"

"गुलाबी."

"गुलाबी म्हणजे कुठला? राणी, का गुलबक्षी, का अबोली?"

"मामा," सम्राट म्हणाला, "गुलाबी म्हणजे गुलाबीच की."

मागून सायलीचा आवाज आला, थकलेला, पण हसत होता. "त्यांना काय विचारताय बाबा! अबोली आहे, अबोली."